केरोबाचं एक नंबर नाणं

एका जंगलात झाडांना अजून नंबर पडले नव्हते, पण बाकी सगळ्याला पडले होते. त्या जंगलात केरोबा नावाचं एक माकड राहत होतं.

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. गोष्ट माकडाची आहे, तेव्हा हसायला हरकत नाही. फक्त हसता हसता आपल्या कपाटाच्या किल्लीकडे बघू नका. सांगणाराही बघणार नाही.

केरोबा तसा भला. फळांच्या कोठारावर त्याने उभी हयात कारकुनी केली आणि एकही फळ चोरलं नाही. माकडाच्या जातीत ही गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि तो ती सांगायचाही. आता तो निवृत्त झाला होता. मुलं पलीकडच्या जंगलात गेली होती, कारण तिथल्या झाडांना फांद्या जास्त होत्या. घरात तो आणि बायको भागीरथी, दोघंच. व्यसन नव्हतं. छंद एकच होता, राजाची नाणी जमवण्याचा.

त्या जंगलाचा राजा सिंह. राजा दरवर्षी चांदीचं एक नाणं काढायचा. एका बाजूला राजाचं तोंड, आयाळीसकट. दुसऱ्या बाजूला राजाचा पंजा आणि वर्ष. चांदी शुद्ध, एक तोळा. पण या नाण्याने बाजारात शेंगदाणासुद्धा मिळत नसे, कारण बाजार मधावर चालायचा. नाणं घ्यायचं, ढोलीत ठेवायचं आणि अडीअडचणीला वजनावर विकायचं, एवढाच त्याचा उपयोग. नवं काय, घासलेलं काय, तराजूला फरक कळत नसे.

सगळे सुखात होते. मग सरडेशास्त्री आले.

सरडेशास्त्री हे नाणेपारखी. त्यांचे दोन डोळे दोन दिशांना फिरायचे. ते नाणं उभं धरायचे, एका डोळ्याने राजाचं तोंड बघायचे आणि दुसऱ्याने पंजा. मग थोडा रंग बदलायचे आणि गुण सांगायचे. गुण एक ते सत्तर. सत्तर म्हणजे टाकसाळीतून आत्ताच पडलेलं, ओरखडा नाही. एक म्हणजे झिजून झिजून संपत आलेलं, कोणत्या वर्षाचं आहे ते कसंबसं वाचता येतं एवढंच. शंभर सोडून सत्तरच का, तर शास्त्रींना मोजता तेवढंच यायचं, असं काही जण म्हणायचे. पण असं म्हणणारे म्हणजे ज्यांना पन्नास मिळाले होते ते.

गुण दिला की शास्त्री नाणं पारदर्शक राळेच्या डबीत कायमचं बंद करायचे. आत एका पानावर आकडा. फी मधाची तीन गाडगी. नाण्यातल्या चांदीला बाजारात दोन गाडगी यायची.

"म्हणजे दोन गाडग्यांचं नाणं चांगलं आहे हे कळायला तीन गाडगी?" भागीरथीने विचारलं.

"कळायला नाही," केरोबा म्हणाला. "मला कळतंच. सिद्ध करायला."

"कुणापुढे?"

याला केरोबाकडे उत्तर नव्हतं. बाळांनो, ज्याला उत्तर नसतं त्यालाच छंद म्हणतात.

शास्त्रींनी वडाला एक फळा टांगला होता. त्यावर 'मानाची यादी' असायची. सगळ्यात वर रावसाहेब बिबटे. बिबटे जंगलातले मोठे कंत्राटदार. त्यांच्याकडे सगळ्या वर्षांची नाणी होती आणि सगळी सत्तरची. केरोबाकडेही सगळ्या वर्षांची होती, पण सगळी एकोणसत्तरची. त्याला कारण होतं. नवं नाणं हातात आलं की केरोबा ते एकदा हुंगायचा. त्याला तो वास आवडायचा. तेवढ्यात नाकाचा ठसा उमटायचा आणि एक गुण नाकात जायचा.

"एकोणसत्तर म्हणजे वाईट नाही हो, केरोबा," रावसाहेब एकदा वडाखाली म्हणाले. "आमच्याकडे चुकून एकोणसत्तर आलं तर आम्ही फेकत नाही. दिवाणजीला देतो."

त्या दिवशी केरोबा जेवला नाही. फांदीवर बसून विचार करत राहिला. सत्तरच्या वर काही नाही. सत्तरच्या दारात गर्दी आहे, आणि गर्दीत पुढे बिबटे. मग दुसऱ्या टोकाला काय आहे? दुसऱ्या टोकाला एक आहे. आणि एकच्या दारात चिटपाखरू नाही.

कसं असणार? राजाची नाणी कुणी वापरतच नव्हतं. ती ढोलीत पडून असायची. न वापरलेली वस्तू झिजणार कशी? राजाचं नाणं आणि तेही झिजलेलं, म्हणजे उंबराचं फूल.

केरोबा धावत शास्त्रींकडे गेला. "शास्त्रीबुवा, सगळ्यात झिजलेलं नाणं आणलं, तर त्याला मान मिळेल का?"

शास्त्री हिरवे होते ते हळूहळू पिवळे झाले. धंद्याचा विचार करताना ते पिवळे व्हायचे. "फी तीच पडेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वडाला दुसरा फळा लागला. 'सर्वाधिक झिजलेल्यांची मानाची यादी'. खाली नियम लिहिला होता: झीज खरी हवी. वापरातली हवी. एका कोल्ह्याने लगेच नदीच्या वाळूत घोळून एक नाणं आणलं. शास्त्रींनी ते जिभेवर ठेवलं, थुंकलं आणि परत दिलं. फी मात्र ठेवून घेतली.

केरोबा प्रामाणिक माकड होता. त्याने एक नाणं घेतलं आणि डाव्या गालात ठेवलं. माकडाच्या गालात पिशवी असते, हे तुम्हाला माहीत आहेच. जेवताना, झोपताना, सत्यनारायणाला, बारशाला, नाणं गालात. दोन वर्षं. दाणे भरायला उजवा गाल तेवढा उरला. बोलताना नाणं दाढेवर वाजायचं. लोक विचारायचे, दाढ दुखते का? भागीरथी सांगायची, "दाढ नाही, डोकं."

दोन वर्षांनी त्याने ते शास्त्रींपुढे ठेवलं.

"अठ्ठावन्न," शास्त्री म्हणाले.

"फक्त?" केरोबाचा आवाज चिरकला. "बुवा, दोन वर्षं गालात होतं!"

"चांदी चिवट असते." शास्त्रींनी एक डोळा त्याच्या उघड्या तोंडात फिरवला. "डावी दाढ मात्र चांगली झिजली आहे. चार-पाचवर आली असेल. ती देणार असाल तर बघतो."

केरोबा परतीच्या वाटेला लागला. त्याने हिशेब केला. या गतीने नाणं एकवर यायला अजून दहा वर्षं तरी लागतील आणि तोवर दाढा शिल्लक राहणार नाहीत. स्वतःवर चिडावं की हसावं हे त्याला ठरवता येईना. मग सवयीने त्याचे पाय कळकाच्या बेटाकडे वळले.

उंच बांबूंच्या त्या बेटात कोंडाक्काचं बीळ होतं. कोंडाक्का ही म्हातारी साळू. तिचा नवरा बहिरोबा राजाच्या दारावर पहारेकरी होता. तो निवृत्त झाला तेव्हा राजाने त्याला त्या वर्षीचं एक नाणं दिलं, आणि त्याच वर्षी तो गेला. तेव्हापासून आक्का बिळाच्या तोंडाशी बसायची. ते नाणं पुढच्या पंजात धरायची आणि दुसऱ्या पंजाने चोळायची. सकाळ-संध्याकाळ चोळायची. येणारे-जाणारे म्हणायचे, काय ही निष्ठा! नवीन लग्न झालेल्यांना आवर्जून दाखवायला आणायचे.

केरोबा रोज दुपारी तिच्याकडे जायचा. कोठाराच्या जुन्या गोष्टी सांगायचा, बिबट्याला नावं ठेवायचा, आणलेले दाणे दोघं खायचे. नाणं तो रोज बघत होता. पण बघणं आणि दिसणं यात अंतर आहे, बाळांनो. त्या दुपारी त्याला ते दिसलं.

राजाची आयाळ गेली होती. डोळा गेला होता. नाक सपाट झालं होतं. राजा एखाद्या आजारी बोकडासारखा दिसत होता. मागच्या बाजूचा पंजा पुसून गेला होता आणि वर्षाचे आकडे पाण्याखाली असल्यासारखे पुसट होते. पण वाचता येत होते. जेमतेम.

केरोबा हातातले दाणे खाली ठेवून पुढे सरकला.

"आक्का," तो म्हणाला, आणि आपला आवाज इतका गोड का झाला हे त्यालाच कळेना. "नाणं फार जुनं झालं गं तुझं."

"झालं असेल," आक्का म्हणाली.

"मी तुला नवं देतो. यंदाचं. चकचकीत. चांदी शुद्ध. उलट तुझ्या नाण्यातली थोडी झिजून कमी झालेली आहे. तुझा फायदाच आहे."

यातला शब्दन् शब्द खरा होता. हीच गोष्ट त्याला पुढे बरेच दिवस टोचली. खोटं बोलला असता तर निदान पश्चात्ताप तरी सोपा झाला असता.

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. "तुला हवंय का हे?"

"म्हणजे... हवं असं नाही..."

"अरे, हवं असेल तर घे की. आढेवेढे कसले?" आणि तिने नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. ते तिच्या पंजाने ऊबदार झालं होतं.

केरोबाने नवं नाणं दिलं. फळ्याबद्दल तो काही बोलला नाही. बेटापासून ओढ्यापर्यंत त्याला फार वाईट वाटलं. ओढा ओलांडल्यावर तो पळायलाच लागला.

शास्त्रींनी नाणं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे दोन्ही डोळे एकाच दिशेला वळले. त्यांनी नाणं जिभेवर ठेवलं आणि थुंकलं नाही. मग अगदी हळू म्हणाले, "एक."

जंगलात बातमी पसरली. केरोबाला एक मिळाला! केरोबाचं नाणं एक नंबर! दुसऱ्या फळ्यावर सगळ्यात वर त्याचं नाव लागलं, आणि खाली कुणीच नव्हतं, त्यामुळे ते जास्तच मोठं दिसत होतं. रावसाहेब बिबटे स्वतः चालत त्याच्या झाडाखाली आले.

"माझी सत्तरची सहा नाणी घ्या आणि हे एक द्या," ते म्हणाले.

"विकायचं नाही, रावसाहेब," केरोबा म्हणाला. हे वाक्य म्हणण्यासाठी आपण जन्माला आलो होतो, असं त्याला वाटलं. नवंकोरं सत्तर कुणालाही मिळतं. पैसेवाल्याला तर घरपोच मिळतं. पण झीज विकत घेता येत नाही, हे त्याने रावसाहेबांना समजावून सांगितलं. स्वतः ती एका नाण्याला घेतली होती, हे सांगायचं राहिलं.

मग व्याख्यानं सुरू झाली. 'झीज: एक तपश्चर्या' या विषयावर केरोबा बोलायचा. पहिल्या व्याख्यानात तो म्हणाला, "हे नाणं मला कोंडाक्का नावाच्या एका साध्वी साळूकडून मिळालं." तिसऱ्या व्याख्यानात, "एका जुन्या घराण्याकडून." सहाव्यात, "माझ्या संग्रहातलं एक नाणं." आठव्या व्याख्यानात तो गालातल्या दोन वर्षांबद्दलच बोलला, आणि ऐकणाऱ्यांचा समज झाला की हेच ते. त्याने तो दूर केला नाही. वेळ कमी होता.

दुपारी आता लोक यायचे, डबी बघायचे. त्यामुळे कळकाच्या बेटाकडे जाणं जमेना.

एके दिवशी भागीरथी दाणे सोलता सोलता म्हणाली, "आक्काला सांगितलंत का?"

"काय?"

"तिचा नंबर आल्याचं."

"तिचा नाही. नाण्याचा."

"बरं. नाण्याचा. झिजवलं कुणी?"

केरोबाने डबी फडक्याने पुसली. ती पुसलेलीच होती. दुपार टळत आली तरी तो पुसत होता. शेवटी उठला आणि आठ महिन्यांनी बेटाकडे निघाला.

आक्का बिळाच्या तोंडाशीच होती. पण पंजे मांडीवर पडले होते. हलत नव्हते. केरोबाने दिलेलं चकचकीत नाणं बाजूला मातीत पडलं होतं, त्यावर कळकाची पानं साचली होती. आक्का समोरच्या वाटेकडे बघत होती. चेहरा उतरला होता. काटेसुद्धा खाली पडले होते.

केरोबा बेटामागेच थांबला. पुढे जाववेना. 'काय केलं हे मी,' त्याला वाटलं. 'म्हातारीचं एवढंच होतं. नवऱ्याची आठवण होती ती. मी ती राळेत बुडवली आणि वर आकडा लावला.' तो आल्या पावली परत फिरला.

तीन दिवस त्याने काढले. बाळांनो, ते तीन दिवस सोपे नव्हते, केरोबाला हसू नका. पहिल्या दिवशी त्याने स्वतःला समजावलं की म्हातारी आजारी असेल. दुसऱ्या दिवशी रावसाहेबांनी सहाची आठ नाणी केली. तिसऱ्या दिवशी तो शास्त्रींकडे गेला.

"बुवा, डबी उघडता येते का?"

"फोडता येते," शास्त्री म्हणाले. "उघडता येत नाही. फोडली की नंबर गेला."

"पण नाणं तेच राहील ना?"

"नाणं राहील. पण नुसतं."

केरोबा घरी आला. त्याने डबी खडकावर ठेवली, दगड उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. भागीरथी दारात उभी होती. ती काही बोलली नाही, आणि तेच जास्त झालं. त्याने डोळे मिटून दगड घातला. राळेचे तुकडे उडाले. पानावरचा एक वाऱ्याने ओढ्यात गेला.

त्या क्षणी केरोबाला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की यालाही कुणीतरी गुण द्यायला हवे होते असं त्याच्या मनात आलं. पासष्टच्या खाली काही द्यायची कुणाची छाती झाली नसती.

मुठीत नाणं धरून तो बेटात गेला. या वेळी लपला नाही. आक्काच्या पुढ्यात बसला, तिचा पंजा हातात घेतला आणि त्यावर नाणं ठेवलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"आक्का, चुकलो मी. तुझं तुला परत."

आक्काने नाणं नाकाशी नेलं. "शी! राळेचा वास मारतोय. कुठं घातलं होतंस हे?"

"ते जाऊ दे. तुझ्या बहिरोबांची आठवण मी नेली. आता कर तू तुझं चोळणं."

"कसलं चोळणं?"

"रोज चोळायचीस ते. त्यांच्या आठवणीने."

आक्काच्या पाठीवरचे काटे हळूहळू खुळखुळायला लागले. साळू हसते तेव्हा असा आवाज होतो.

"अरे माकडा," ती म्हणाली, "माझ्या पंजाला मुंग्या यायच्या. वैदू म्हणाला, काहीतरी धरून चोळत जा. हाताला हे लागलं, हे धरलं. दगड लागला असता तर दगड धरला असता. गेल्या थंडीनंतर मुंग्या गेल्या, मीही सोडलं."

"पण सगळं जंगल म्हणायचं... निष्ठा..."

"मला कुणी विचारलं नाही."

"मग बहिरोबांची आठवण?"

"ती गुडघ्यात आहे. उठता-बसता येते. नाण्यात कशाला ठेवू? पडलं-हरवलं तर?"

केरोबाने खाली बघितलं. डबीवर घातलेल्या दगडाचा आवाज अजून कानात होता. आठ नाणी, फळा, व्याख्यानं, सगळं त्याने पंजाच्या मुंग्यांपायी फोडलं होतं.

"पण मग तू अशी का बसली होतीस?" तो जवळजवळ रागावून म्हणाला. "तीन दिवसांपूर्वी. चेहरा पाडून, वाटेकडे डोळे लावून. मी स्वतः बघितलं. बेटामागून."

आक्काचे काटे खुळखुळायचे थांबले.

"तू आला होतास?"

"हो."

"आणि परत गेलास?"

केरोबा मातीतली पानं उचलायला लागला.

"आठ महिन्यांनी आलास, आणि दारातून परत गेलास," आक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "दुपार जाता जात नाही रे. आधी तू यायचास, त्या कोठाराच्या गोष्टी सांगायचास. अर्ध्या मी ऐकायचीसुद्धा नाही, त्याच त्याच असायच्या. पण दुपार जायची."

केरोबाने आयुष्यभर वस्तू जमवल्या होत्या. कुठली कुणाकडे आहे, कुठली कुणाकडे नाही, हे त्याला पाठ होतं. आपणही कुणाला कमी पडत असू, हे मात्र त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्याने खिशातून दाणे काढले, सोलले आणि अर्धे आक्काच्या पुढे ठेवले.

निघताना आक्काने नाणं त्याच्या हातात कोंबलं. "हे ने. मला नको. वास येतो."

बाळांनो, गोष्ट इथे संपली असती तर तुमच्यावर चांगले संस्कार झाले असते. पण केरोबा संग्राहक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शास्त्रींच्या रांगेत उभा होता. काखेत मधाची तीन गाडगी. त्याने भागीरथीला सांगितलं होतं की फिरायला जातो. भागीरथीने गाडग्यांकडे बघितलं होतं आणि 'सावकाश फिरा' म्हटलं होतं. त्याचा विचार सरळ होता. आक्काला नाणं नको. नाणं आहे तसंच आहे. मग एक परत मिळवायला हरकत काय?

शास्त्रींनी नाणं उभं धरलं. एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे.

"दोन," ते म्हणाले.

"काय?"

"दोन. आयाळीचा एक केस दिसतो आहे. कानाच्या मागे."

"शास्त्रीबुवा, हे तेच नाणं आहे! आपणच याला एक दिला होता. आठ महिन्यांपूर्वी. आपले दोन्ही डोळे एका जागी आले होते!"

"असतील."

"मग आठ महिन्यांत, डबीत बसून, राजाला केस उगवला?"

शास्त्री शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी आम्ही हिरवे होतो. आज तपकिरी आहोत." आणि त्यांनी नाणं राळेत बुडवलं.

फळ्यावरून केरोबाचं नाव उतरलं नाही. त्याच्यापुढे कुणी नव्हतंच. फक्त नावापुढचा आकडा बदलला. रावसाहेबांनी निरोप धाडला की दोन नंबरच्या नाण्यात त्यांना रस नाही, आणि दोन नंबरचे व्यवहार ते दिवसा करत नाहीत.

केरोबा डबी घेऊन बेटात गेला. आक्का वाटेकडेच बघत बसली होती. त्याला बघितल्यावर तिने बाजूची पानं झाडून जागा केली.

"हे बघ," तो म्हणाला. त्याने सगळं सांगितलं. फळा, एक नंबर, व्याख्यानं, त्यातून तिचं नाव कसं गळत गेलं, तेही सांगितलं. बिबट्याची आठ नाणी सांगितली. दगड सांगितला. आणि शेवटी दोन सांगितले.

आक्काने सगळं ऐकलं. या वेळी पूर्ण ऐकलं.

"आधी एक होता?"

"हो."

"आता दोन आहेत?"

"हो ना."

"अरे, मग वाढले की!" आक्का म्हणाली. "रडतोस काय? पेढे वाट."

"तसं नाही आक्का," केरोबा समजावू लागला. "या यादीत कमी म्हणजे जास्त. म्हणजे जेवढं खराब तेवढं चांगलं. पण फार खराब नाही, वर्ष दिसलं पाहिजे. आणि ते खराब आहे हे आपलं आपण म्हणून चालत नाही, त्याला फी भरावी लागते, आणि ती फी नाण्यापेक्षा..."

इथपर्यंत आल्यावर त्याला आपलंच बोलणं ऐकू आलं.

तो थांबला. त्याने आक्काकडे बघितलं. आक्काने ओठ घट्ट मिटले होते, पण काटे ऐकेनात, ते वाजायला लागले होते. आधी केरोबाला राग आला. मग त्याच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. मग दोघं इतके हसले, की ओढ्यापलीकडून भागीरथी बघायला आली, काय झालं म्हणून. तिला सांगितल्यावर तीही खाली बसली. तिन्हीसांजेपर्यंत कुणी उठलं नाही.

तात्पर्य: मुलांनो, सोबत्यापेक्षा झिजलेलं नाणं केव्हाही बरं. नाण्याची झीज फी भरून डबीत बंद करता येते आणि फळ्यावर मिरवता येते. सोबती झिजला, तर रोज दुपारी त्याच्या शेजारी जाऊन बसावं लागतं, आणि त्याचा कुणी अर्धा गुणसुद्धा देत नाही.